पुढच्या काचेतला रस्ता

परभणीच्या बसस्थानकात जिंतूरची एसटी फलाटाला लागते, तेव्हा ती पुरती थांबायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडू लागतात. जागा धरायची ही रीत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या रेटारेटीत एखादी बाई मात्र कुणाशी भांडत नाही. अर्धं कापलेलं लिंबू मुठीत धरून ती पुढच्या बाकावरच्या माणसाला एवढंच म्हणते, "दादा, मला गाडी लागते हो. पुढं बसू देता का?" आणि रुमाल टाकून हक्कानं बसलेला तो गडी निमूट उठतो. या कारणापुढे कुणी वाद घालत नाही. बाई ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर टेकते, लिंबू नाकाशी नेते आणि समोरच्या मोठ्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्यावर डोळे लावते. जिंतूर येईपर्यंत ते डोळे तिथून हलत नाहीत.

गाडी लागण्यावर घरोघरी वेगवेगळे उपाय असतात. कुणी आवळासुपारी चघळतं, कुणी आलेपाक, कुणी उपाशीपोटी निघतं तर कुणी मुद्दाम चार घास खाऊन. पण पुढच्या बाकाइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याला गाडीचं प्रत्येक वळण, प्रत्येक गचका कळतो. डोळ्यांना मात्र समोरच्या बाकाची पाठ तेवढी दिसत असते, आणि ती तर जागची हललेली नसते. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळायला लागतं. ड्रायव्हरचं पोट सहसा ढवळत नाही. रस्ता तोही बघतो, पण त्याला याहून मोठा आधार असतो. चाक वळवणारे हात त्याचेच असतात, त्यामुळे वळण येण्याआधीच त्याच्या अंगाला ते कळलेलं असतं. सुट्टीवरचा ड्रायव्हर बायकापोरांना घेऊन मागच्या बाकावर बसला की त्यालाही कसंनुसं होतं, असं ड्रायव्हर मंडळीच सांगतात.

आता अशी एक मोटार डोळ्यांपुढे आणायची, जिच्यात सगळेच प्रवासी आहेत. चाक आहे पण हात नाहीत. पुढचं वळण कुणाच्याच अंगाला आधी कळणार नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्येच ही अडचण मांडून ठेवली होती: गाडी स्वतः चालायला लागली, की आजवर चालवण्यात गुंतलेला माणूसही प्रवासी होणार, तो वाचणार, मोबाइल बघणार, झोपणार आणि गाडी लागणाऱ्यांची संख्या वाढणार. त्यावरचे उपायही साधेच सुचवले जातात. खिडक्या मोठ्या ठेवा, बसणाऱ्याचं तोंड पुढे असू द्या, वळण घ्यायच्या आधी त्याला काही तरी खूण द्या. जिंतूरच्या गाडीतल्या बाईनं लिंबू मुठीत धरून जे मागितलं होतं, त्याहून हे फार निराळं नाही.

भीतीचंही तसंच असतं. नुकती मोटार शिकलेल्या मुलाशेजारी बसलेल्या बापाचे पाय पाहावेत. समोर ट्रक दिसला की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, जिथं ब्रेक नाही तिथं. मुलगा चांगला चालवत असतो, बापाला तेही दिसत असतं. पण मुलाला तो ट्रक दिसलाय की नाही, हे बापाला कळत नसतं. त्या अर्ध्या क्षणात पाय दाबला जातो. गाडीचा वेग थोडा उतरला, म्हणजे मुलानंही ट्रक पाहिला असं कळलं, की पाय सैल पडतो. विनाचालक मोटारीत बसलेल्या माणसाची काळजी बरीचशी या अर्ध्या क्षणातली आहे. यंत्र चुकेल का, हा प्रश्न त्याच्या मनात असतोच. पण घडोघडी त्याला छळणारा प्रश्न निराळा असतो: मला दिसलं ते याला दिसलं का?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेमो कंपनीच्या अशा मोटारी जून २०२४ पासून कुणालाही बोलावता येतात. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडं सांभाळायला सेलू-मानवतकडून तिकडे गेलेल्या एखाद्या आजीला लेकीनं अशा मोटारीत बसवलं, असं समजू. पांढरी जॅग्वार येऊन उभी राहते. टपावर एक काळा घुमट, त्यावर लेकीच्या नावाची आद्याक्षरं उजळलेली, म्हणजे आपली गाडी कोणती ते ओळखू यावं. आत एक आवाज स्वागत करतो, पट्टा लावायला सांगतो. पडद्यावरचं बटण दाबलं की गाडी निघते आणि पुढच्या रिकाम्या जागेसमोरचं चाक आपापलं फिरायला लागतं. आजीची नजर आधी त्या चाकावर खिळते. अदृश्य हातानं फिरवल्यासारखं ते चाक पाहून पोटात गोळा येणं साहजिक आहे.

मग हळूहळू तिचं लक्ष पडद्याकडे जातं. पडद्यावर रस्ता काढलेला असतो, त्यावर आपली गाडी, आजूबाजूच्या गाड्या, आणि चालणारी माणसं छोट्या आकृत्यांसारखी. फुटपाथवरून एक पोरगा धावत निघतो. आजी काचेतून त्याला बघते, आणि तोच पोरगा पडद्यावरही धावताना दिसतो. गाडी थांबते, आपण कुणासाठी थांबलो आहोत ते पडदा सांगतो. असं दोन-चार चौकांत झालं, की तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला लागतं. ही मोटार २९ कॅमेरे, लायडार आणि रडार यांच्या जोरावर चारी बाजूंना एकाच वेळी बघते, हे लेकीनं सांगितलं असतं तर आजीनं मान डोलावली असती, पण पोटातला गोळा तसाच राहिला असता. धीर येतो तो तिनं पाहिलेला पोरगा गाडीनंही पाहिला, याची चौकाचौकात खात्री पटल्यावर. आणखी दोन सोयी तिथे असतात. गाडी बाजूला घेऊन थांबवायचं बटण, आणि दुसऱ्या टोकाच्या जिवंत माणसाशी बोलायचं बटण. बहुतेकांना ती दाबायची वेळ येत नाही. पण ती तिथे आहेत, हे बसल्या बसल्या दिसत राहावं लागतं.

याच तंत्राच्या सुरुवातीच्या दिवसांत, २० ऑक्टोबर २०१५ रोजी, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह माहन नावाचे गृहस्थ गूगलच्या एका छोट्या अंडाकृती मोटारीत एकटे बसले आणि रहदारीच्या रस्त्यावरून फिरून आले. त्या मोटारीला चाक नव्हतं आणि पायाखाली ब्रेकही नव्हता. माहन यांना दिसत नाही. त्यांच्यासाठी पडदा असून नसल्यासारखा. पण हेही खरं की रस्ता न बघता दुसऱ्याच्या हाती जीव सोपवणं त्यांच्यासाठी रोजचं होतं. डोळस माणूस पुढच्या काचेसाठी जीव टाकतो, आणि ज्याला ती काच उपयोगाची नव्हती तो सर्वांआधी एकटा बसून जातो. विश्वासाचा विचार करताना ही फेरी विसरून चालत नाही. कुणाला काय गमवायचं आहे आणि कुणाला काय मिळवायचं आहे, यावर भीतीची उंची ठरते. म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या, डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला घरात कुणी नसेल, तर विनाचालक मोटार हे त्याच्यासाठी नुसतं नवल उरत नाही, ती गरज होते. मुलं पुण्या-मुंबईला आणि घरी दोनच म्हातारे जीव, अशी घरं आता परभणी जिल्ह्यातल्या गावोगावी आहेत.

पण मराठवाड्यातल्या माणसानं न हाकता चालणारं वाहन पाहिलेलंच नाही, असं म्हणता येणार नाही. कापसाच्या हंगामात सेलूच्या, मानवतच्या बाजारात गाड्या रिकाम्या करून रात्री परतणारे धुरकरी साटीवर घोंगडी अंथरून आडवे व्हायचे. कासरा सैल सोडलेला, गाडीखाली कंदील हेलकावतोय, आणि लाल कंधारी बैलांची जोडी आपल्या चालीनं गावाची वाट तुडवतेय. पहाटे गाडी घरापुढे उभी राहिली की धुरकऱ्याला जाग यायची. जुनी माणसं हे सहज सांगतात, त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

त्यातला विशेष भाग धुरकरी कुठं झोपायचा नाही, हा आहे. ओढ्याचा उतार आला की तो उठून बसायचा. रेल्वेचं फाटक, समोरून येणारी वरात, ट्रकचा झोत आला की हाती कासरा घ्यायचा. आपल्या बैलांना काय कळतं आणि काय कळत नाही, डावा कशाला बुजतो आणि उजवा कुठं अडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं, कारण त्यांना जुवाखाली त्यानंच आणलेलं असायचं. नव्या गोऱ्ह्याला एकट्याला कुणी गाडीला जुंपत नाही. त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला धरतात. आधी रिकामी गाडी, मग थोडं ओझं, आधी शिवारातली वाट, मग बाजाराचा रस्ता. विनाचालक मोटारी रस्त्यावर आणतानाही जाणते लोक असंच करतात. सुरुवातीला चाकापाशी माणूस बसवतात, ठरावीक वस्ती, ठरावीक हवामान, आणि मग हळूहळू कासरा सैल. वेमोनं ॲरिझोनातल्या फीनिक्सजवळ चाकापाशी माणूस नसलेली सेवा ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वांना खुली केली, त्याआधी तिथं चाकापाशी माणूस बसवून वर्षानुवर्षं तालीम झाली होती.

बैलांना नावं असतात. सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. मोटार चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रात लोकांना बसवलं. काहींच्या मोटारीला 'आयरिस' हे नाव आणि बाईचा आवाज दिला, काहींना तशीच स्वतः चालणारी मुकी मोटार दिली. नावाच्या मोटारीवर लोकांनी जास्त विश्वास टाकला. प्रयोग मोठा मार्मिक आहे, आणि थोडा काळजी करायला लावणाराही. धुरकरी निर्धास्त झोपायचा तो सर्जाचं नाव सर्जा ठेवलं म्हणून नव्हे. आधी वर्षांची सोबत होती. मोटारीच्या बाबतीत गोड आवाज आणि लाडकं नाव पहिल्याच दिवशी मिळतं, सोबत मात्र झालेली नसते. असा आयता विश्वास विकायला सोपा असतो, आणि म्हणूनच त्याच्यापासून प्रवाशाला जपलं पाहिजे.

जास्तीचा विश्वास काय करतो ते १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्याच टेम्पी शहरात दिसलं. उबर कंपनीची चाचणीची मोटार रस्त्यावरून जात होती आणि सायकल हातात धरून एक बाई रस्ता ओलांडत होती. धडकेच्या साडेपाच सेकंद आधीच मोटारीच्या यंत्रणेला समोर काही तरी असल्याचं कळलं होतं. पण ते नेमकं काय आहे हे तिला ठरवता येईना. कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू. प्रत्येक वेळी ठरवलेलं पुन्हा बदलत गेलं आणि बाई कुठं चालली आहे याचा अंदाज लागलाच नाही. चाकापाशी बसवलेली व्यक्ती त्या वेळी मोबाइल बघत होती. ज्या उतारावर उठून बसायचं, तिथंच झोप लागावी असा हा प्रकार. बाईचा जीव गेला.

परभणीत रस्ता ओलांडणाऱ्याची एक खूण ठरलेली आहे. तळवा उभा करून हात लांब करायचा, थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि पाय टाकायचा. ड्रायव्हरनं मान हलवली, किंवा नुसता डोळ्यांनी होकार दिला, की म्हातारी माणसंही भर रहदारीत निर्धास्त चालू लागतात. हा सगळा व्यवहार डोळ्यांचा. रिकाम्या जागेकडे हात दाखवला तर होकार कुणी द्यायचा? जॅग्वार लँड रोव्हर कंपनीनं २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये छोट्या विनाचालक गाड्यांना पुढे मोठे बटबटीत डोळे लावून पाहिले. रस्त्याकडेला माणूस दिसला की ते डोळे त्याच्याकडे वळायचे, म्हणजे तुला पाहिलं असं सांगायचे. फोटोत ते डोळे खेळण्यातले वाटतात. पण त्यामागची तळमळ खरी आहे. विश्वास फक्त गाडीत बसणाऱ्याचा लागतो असं नाही, तो रस्त्याकडेला उभं राहणाऱ्याचाही लागतो. आणि आपल्याकडे रस्त्याकडेला उभी राहणारी माणसं गाडीत बसणाऱ्यांहून किती तरी जास्त आहेत.

अनोळखी मोटारीवर विश्वास टाकायची वेळ इथल्या माणसांवर याआधीही आली होती. सरकारी बस पहिल्यांदा आल्या, तेव्हा परभणी हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. निजामाच्या सरकारी रेल्वेनं रस्त्यावरच्या बस वाहतुकीचं खातं जून १९३२ मध्ये सुरू केलं, ते २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली ती १ जून १९४८ ची, म्हणजे संस्थानातल्या लोकांनी सरकारी मोटार सोळा वर्षं आधी पाहिली. बैलगाडीतल्या माणसानं अनोळखी ड्रायव्हरच्या हाती आपला जीव कसा सोपवला असेल, याचा विचार करताना गणवेश, बिल्ला, तिकिटाचा कागद, ठरलेली वेळ या गोष्टी नजरेत भरतात. ड्रायव्हरला कुणी ओळखत नव्हतं, पण त्याला नेमणारं खातं ओळखीचं होतं. काही झालं तर कुठं जायचं हे माहीत होतं. शिवाय कंडक्टर होता. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आजही बसमधल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरमध्ये जास्त असतो. "मास्तर, बोरीला उतरवा बरं का" असं एकदा सांगून ठेवलं, की तो डोळे मिटतो.

विचारता येईल असं माणूस लागतं. यंत्र काय करणार हे आधी कळलं तर पोट शांत राहतं, आणि त्यानं असं का केलं हे नंतर विचारता आलं तर मन.

यातली दुसरी बाजू २०२३ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उघडी पडली. २ ऑक्टोबरच्या रात्री माणूस चालवत असलेल्या एका मोटारीनं पादचारी बाईला उडवलं आणि तिचा चालक पळून गेला. बाई फेकली गेली ती शेजारून येणाऱ्या क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीसमोर. टॅक्सीनं ब्रेक लावला, तरी धडक बसली. इथवर दोष पहिल्या माणसाचा मानता आला असता. पण थांबलेली टॅक्सी मग नियमाप्रमाणे रस्त्याच्या कडेला जायला निघाली आणि खाली अडकलेल्या बाईला तिनं सुमारे वीस फूट फरफटत नेलं. गाडीखाली माणूस आहे हे तिला कळलंच नाही. हे भयंकर होतंच, पण कंपनी कोसळली ती पुढच्या वागण्यानं. फरफटीची गोष्ट कंपनीनं सरकारी अधिकाऱ्यांना धडपणे सांगितली नाही. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यानं तिचा परवाना थांबवला. पुढे खोटा अहवाल दिल्याचं कंपनीनं कबूल केलं, दंड भरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सनं या टॅक्सीवर आणखी पैसा घालायचा नाही असं जाहीर केलं. अपघात झाल्यावर लोक पहिल्यांदा ड्रायव्हर कुठं आहे, हे विचारतात. ड्रायव्हरच नसेल तर ज्यानं पुढं येऊन उभं राहायचं, तोच तोंड लपवू लागला की पुढच्या कितीही सुरक्षित फेऱ्या कामाला येत नाहीत.

ड्रायव्हर नसणं ही नुसती सोय किंवा भीती नाही, हे विसरता येत नाही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं, की भारतात विनाचालक मोटारी येऊ देणार नाही, कारण त्यानं लाखो चालकांची रोजी जाईल. परभणी, गंगाखेड, पाथरीच्या स्टँडवर काळीपिवळीपाशी उभ्या असलेल्या पोरांकडे बघितलं की हे म्हणणं पटतं. कोरडवाहू दोन-तीन एकरात भागत नाही म्हणून लायसन काढलेली ही पोरं. आणि त्याच वेळी हेही डोळ्यांआड करता येत नाही, की २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्या अपघातांतल्या कितीतरी गाड्या दमलेल्या, झोप आलेल्या माणसांच्या हाती होत्या. रात्रभर जागून चालवणाऱ्या पोराला डुलकीपासून वाचवणारं यंत्र हवं, पण त्याची जागा घेणारं नको, अशी मधली वाट या घटकेला तरी सर्वांत माणुसकीची वाटते. नव्या मोटारींत पुढचं वाहन जवळ आलं की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आली आहेच.

आणि इथला रस्ता यंत्राला सहजासहजी वाचता येणारा नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणलेली असते, पांढरे पट्टे तिच्याखाली गडप होतात आणि साबण लावल्यासारखा रस्ता निसरडा होतो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना चालतात, उसाची टोकं बाहेर लोंबत असतात. सोयाबीनच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं, त्याभोवती दगड मांडलेले. परभणीचा ड्रायव्हर हे सगळं न बोलता वाचतो. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी, गंगाखेडवरून जाते. मागून आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर वेग कमी करतात, कित्येक जण गाडी बाजूला लावून उतरतात, पादुकांवर डोकं ठेवतात आणि मग पुन्हा चाकावर बसतात. यंत्राला गर्दी दिसेल, ते थांबेलही. पण आपण का थांबलो आहोत, हे आतल्या प्रवाशाला त्याच्या भाषेत सांगता येण्यासाठी त्याला कुणी तरी हा रस्ता शिकवावा लागेल, आणि तो शिकवणारा तीस वर्षं एसटी चालवलेला माणूसच असू शकतो.

अशा यंत्रांचा विचार परभणीला नवा नाही, ही गोष्ट परभणीबाहेर फार कुणाला ठाऊक नसते. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं इथलं कृषी विद्यापीठ, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, लोकांना 'परभणी क्रांती' भेंडीमुळे माहीत आहे. याच विद्यापीठात भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँकेच्या मदतीनं यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं शेतीत कशी वापरायची यावर प्रकल्प चालला. म्हणजे दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये विनाचालक गाडी धावली, मुंबईच्या नव्या मेट्रो गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बांधून आल्या, त्याच सुमाराला परभणीच्या काळ्या रानातही न हाकता चालणाऱ्या वाहनाची पोरापोरींना ओळख करून दिली जात होती. शेत ही त्यासाठी चांगली शाळा आहे. तिथं वरात येत नाही, समोरून ट्रक येत नाही, चुकलं तर एखादी ओळ मोडते.

गावांत मात्र ही ओळख होते ती फवारणीच्या ड्रोनमुळे. बचत गटांच्या बायकांना ड्रोन देण्याची केंद्राची योजना २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली, पंधरा हजार ड्रोनची. प्रशिक्षण घेतलेली बाई शेताच्या बांधावर उभी राहते. हातातल्या पडद्यावर शेताच्या चारी कोपऱ्यांच्या खुणा करते, औषधाची टाकी भरते, सगळ्यांना मागे सरकायला सांगते. मग ते यंत्र धूळ उडवत वर जातं आणि आखून दिलेल्या रेषांनी स्वतःच ये-जा करत राहतं. एक एकर दहा मिनिटांच्या आत होतो. बॅटरी उतरली की ते आपलं आपण निघालेल्या जागी परत येतं, हे पहिल्यांदा बघताना बांधावरची माणसं बोलायची थांबतात.

थोड्याच वेळात प्रश्न सुरू होतात. "वहिनी, पडलं तर?" "शेजाऱ्याच्या रानात घुसलं तर भरपाई कुणी द्यायची?" "तारा आल्या तर त्याला दिसतात का?" कुणी म्हातारा विचारतो, की त्याला झाड आणि माणूस वेगळं कळतं का. बाई काही उत्तरं देते. तारेच्या बाजूला आपण रेष आखतच नाही, असं सांगते. माणूस मधे आला तर हे बटण, म्हणून अंगठा कुठं ठेवला आहे ते दाखवते. एखाद्या प्रश्नावर, "ते मी शिकवणाऱ्या साहेबांना विचारून सांगते," म्हणते. शेताचा मालक पहिल्या दिवशी दोनच एकर फवारून घेतो, उरलेल्याचं आठ दिवसांनी बघू म्हणतो. आठ दिवसांनी ती पुन्हा येते तेव्हा बांधावर पहिल्यापेक्षा जास्त लोक जमलेले असतात, आणि त्यांतला एक जण विचारतो, की याच्यात माणूस बसवून नेता येईल असं काही निघालं, तर तेव्हाही बांधावर असं कुणी उभं असेल ना.